वाढत्या अंगाचं माप

परंडा, ११ जुलै २०२५

मिनाज बेटा,

दुवा पाठवतोय, तेवढ्या घे. बाकी नको असेल तर राहू दे.

तुझ्या पुण्याच्या बास्केटबॉल केंद्राचा फॉर्म पोस्टानं आला. वर छापलंय 'आदरणीय प्रशिक्षक'. सगळ्या तालुक्यांना तेच छापून गेलं असणार, एवढं मला कळतं. तरी दोनदा वाचलं. खाली तुझी सही आहे. 'ज'ची शेपटी अजून तशीच लांब ओढतेस.

फोनवरच लिहिलं असतं. पण मागच्या ईदला पाठवलेल्या निरोपाखाली दोन निळ्या खुणा उमटल्या आणि पुढं काहीच आलं नाही. कागदाला निळ्या खुणा होत नाहीत. वाचलास की चुलीत घातलास, मला कळणार नाही. तेच बरं. घरात आपण दखनी बोलतो, पण हाताला अक्षर मराठीच लागलं, तेही कापड बेतायच्या रद्दी पेपरांवरून. म्हणून चुकलं-माकलं पोटात घाल.

फॉर्मात चौदा रकाने आहेत. तालुक्यातून एकच मुलगी, पंधराच्या आतली. पुण्यात राहणं, शाळा, खाणं, बूट सगळं तुमचं. पंचवीस जुलै शेवटची तारीख. तेरा रकाने मी पेन्सिलीनं भरले. पेन्सिलीनं एवढ्यासाठी की नाव अजून ठरत नाही, लिहितो आणि खोडतो. दोन मुली आहेत आणि जागा एक. झोपाळ्यावर बसल्यासारखा मी आठ दिवस पुढं-मागं होतोय. मशीनवर पाय ठेवला की सुई एका जागी आणि मन दुसऱ्या जागी. काल एका मास्तरणीच्या झंपराला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

तुझी अम्मी म्हणाली, "अजी, कागद कू घूरते कायकू बैठे? दोघींची नावं लिवा."

म्हटलं, "एकच लिहायचंय."

"मग घरची लिवा. तव्यावरची भाकर सोडून तांदळातले खडे निवडत बसायचं काय?"

सध्या शाळेच्या कपड्यांचे दिवस. आया येतात आणि म्हणतात, "वाढत्या अंगाचं शिवा, मास्तर." मग मी पोराकडं बघतो. मनगट बघतो, पावलं बघतो, शेजारी उभ्या आईची उंची बघतो आणि ठरवतो, याला आत दोन बोटं दुमड सोडायची की चार. वहीत मापापुढं ती बोटं लिहितो. दोन वर्षांनी तेच पोर परत आलं की कळतं, अंदाज खरा निघाला की पडला. चाळीस वर्षांच्या वह्या आहेत. लोक म्हणतात मास्तरला खेळाडू ओळखता येतो. खेळाडू कसला, मला दुमड ओळखता येते. तिथून बास्केटबॉल फार लांब नाही.

चौदावा रकाना तूच घातला असणार: 'खेळाडूची अपेक्षित उंची (प्रशिक्षकाचा अंदाज)'.

तो मोकळा आहे.

तुझा अब्बा


परंडा, १६ जुलै

बेटा,

मुलींबद्दल सांगतो, म्हणजे तुलाही उद्या त्या परक्या वाटणार नाहीत.

पोरींना खेळवतो ते मैदान तेच, किल्ल्याच्या अंगाचं. रिंगही तीच, बंडप्पा लोहारानं सळई वाकवून केलेली. जाळी मी दरवर्षी नवी विणून लावतो आणि दरवर्षी पतंगवाले तिचा दोरा पळवतात.

पहिली अलिजा. आपल्या अक्रमची नात, तुझ्या चुलतभावाची मुलगी. साडेचौदा वर्षं, पाच फूट तीन. दोन्ही हातांनी चेंडू आपटत पळते, मान वर ठेवून. दहातले सात आत टाकते. सांगितलेलं एकदा सांगावं लागतं. परवाच्या सामन्यात एकटीनं बावीस गुण केले आणि नंतर सगळ्यांच्या बाटल्या गोळा करून ठेवल्या. अशी पोर. पण तिची तीन वर्षांपूर्वीची सलवार अजून तिला होते. मी चार बोटं सोडली होती, एक उसवली. तीन आतच आहेत.

दुसरी निकिता. बलभीम ढोकीच्या कारखान्यावर हंगामात ट्रॅक्टर चालवतो, त्याची मुलगी. तिची आई महादेवी तुला माहीत नसेल, ती लग्न होऊन आली तेव्हा तू गेलेली होतीस. निकिताला तेरावं सरून दोन महिने झाले. पाच फूट सहा. बापाच्या चपला घालते. दोन वर्षांत दोनदा दुमड उसवली, चार-चार बोटं, तरी घोटा उघडाच. चेंडू हातात आला तर साबणासारखा निसटतो. डावा हात कुणाचा तरी उसना आणल्यासारखा. दहातले दोन, तेही देवाच्या मनात असेल तर.

पण परवा रिंगखाली तिनं चेंडू धरला. चार पोरी उड्या मारत होत्या आणि ही आधीच तिथं जाऊन उभी. खाली येऊन चुकीचा पाय टाकला, मी शिट्टी मारली, ती हसायला लागली. मग मला विचारलं, "मास्तर, चेंडू वर असतानाच तो कुठं पडंल ते दिसतं की. सगळ्यांनाच दिसतं, व्हय ना?"

मी म्हटलं, "पाणी पी."

सगळ्यांना दिसत नाही हे तिला सांगितलं नाही. हा प्रश्न मला याआधी एकीनंच विचारला होता. तेव्हाही मी पाणीच प्यायला सांगितलं होतं.

संध्याकाळी अक्रम दुकानात आला. खुर्चीत न बसता कापडाच्या गठ्ठ्यावर बसला, म्हणजे भांडायलाच.

"भाईजान, काना-मात्रेसकट तयार पोर सोडून तुम्ही त्या शिडीच्या मागं लागलाव म्हणं."

"अजून कुणाच्याच मागं लागलो न्हाय."

"तिला उद्या उजवून टाकतील, तुमची मेहनत पाण्यात. तिची गॅरंटी काय?"

"गॅरंटी तर तुझ्या बंद पडल्या फ्रीजचीबी होती की."

तो हसला नाही. जाताना म्हणाला, "आपल्या घरातली एक पोर तुम्ही घालवलीच. दुसरीचं तरी बघा."

मिनाज, त्याचं म्हणणं खोटं नाही. दोन्ही पोरींबद्दल नाही म्हणत, अलिजाबद्दल म्हणतोय. अलिजा म्हणजे शिजून झाकून ठेवलेला भात. निकिता म्हणजे भिजत घातलेली डाळ, मोड येतील किंवा आंबेल. म्हातारी माणसं म्हणतात बाळाचे पाय पाळण्यात दिसतात. पाय दिसतात, कबूल. गुडघे दिसत नाहीत.

निकिताची तब्येत चांगली आहे, फॉर्मात तसं लिहिलंय. मध्येच लंगडते, ते नव्या बुटांमुळं.

अब्बा


परंडा, २० जुलै

बेटा,

निकिताकडं बूट नाहीत. ती अनवाणी खेळते. मागचं पत्र पोस्टात पडलं आणि परतीच्या वाटेवर मला ते आठवलं. इतका साधा धागा मी कच्चा सोडला, म्हणजे बघ.

खरं असं आहे. दोन्ही गुडघ्यांखाली पुढच्या हाडावर टेंगूळ आलंय, उजव्याला लिंबाएवढं. एप्रिलपासून. जिना उतरताना कठडा धरते. मे महिन्यात मीच तिला बार्शीच्या डॉक्टरांकडं नेलं होतं. ते म्हणाले, हाडं पुढं पळालीत, शिरा मागं राहिल्यात. बहुतेक पोरांचं वर्ष-दीड वर्षात आपोआप बसतं, पण उड्या थांबवून जपलं पाहिजे. मी विचारलं, "बहुतेक म्हणजे?" ते म्हणाले, "बहुतेक म्हणजे बहुतेक." हे मी पेन्सिलीच्या तेरा रकान्यांत कुठंच लिहिलेलं नाही.

हे आज लिहितोय त्याला कारण झालं.

दुपारी महादेवी निकिताला घेऊन दुकानात आली. शाळेचं कापड घेऊन. मी टेप गळ्यातून काढली आणि सवयीनं म्हटलं, "वाढत्या अंगाचं ना?"

"नगं मास्तर. आवंदा बेताचंच शिवा."

"का गं?"

"आता आनिक किती वाढंल? आन वाढली तर नवरा कुठून आणू, खजुरीच्या झाडावरनं?" आणि स्वतःच हसली. "चार बोटं कापड वाचलं तर धाकटीचं झंपर हुईल."

निकिता हात पसरून उभी होती. तिनं आईकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही, समोरच्या आरशातही बघितलं नाही. फक्त पायाची बोटं आत ओढून घेतली, उंची थोडी कमी भरावी म्हणून. टेप लावली की पोरं छाती काढतात, टाचा उचलतात, जास्त भरावं म्हणून. चाळीस वर्षांत कमी भरायला बघणारी ही पहिलीच.

टेप माझ्या हातातून खाली पडली. महादेवी म्हणाली, "मास्तर, दुपारचं जेवला न्हाय का?"

बेताचं. आत दुमड नाही. असं मी वाढत्या पोराला एकदाच शिवलंय.

आज एवढंच. उद्या लिहितो.


परंडा, २१ जुलै, सकाळ

मिनाज,

दुकान उघडलं नाही. तुझी अम्मी दोनदा चहा ठेवून गेली, दोन्ही चहा गार झाले.

जून २००३. तेव्हाच्या उस्मानाबादला जिल्ह्याची निवड होती, तिथून मुली वसतिगृहात जायच्या होत्या. निवडीचे प्रमुख हिंमतराव सर मुद्दाम वाट वाकडी करून आपल्या दुकानात आले होते. तू शाळेत होतीस. त्यांनी वहीतली तुझी पानं बघितली नाहीत, माझ्या तोंडाकडं बघितलं. म्हणाले, "मास्तर, पोरगी चांगली हाय, पण पाच-पाच. मधे, रिंगखाली खेळवायची तर अजून वाढाय पायजे. तुमच्याएवढं कुणाला कळणार? सांगा, किती वाढंल?"

मी म्हटलं, "संपली वाढ. आईवर गेलीय."

तुझी अम्मी चार फूट अकरा. कुणालाही पटलं असतं. त्यांनी कागदावर तुझ्या नावापुढं रेघ मारली, माझ्याच पेनानं.

मार्च ते जून, तीन महिन्यांत तू दोन बोटं वाढली होतीस. वहीत आहे. तुझी पावलं माझ्या पावलांना लागली होती. मनगटाचं हाड अजून कोवळं होतं. शेजारचं कोणतंही पोर असतं तर मी सहा बोटं सोडली असती. तुझं मी त्याच आठवड्यात बेताचं शिवलं, कारण एकदा तोंडानं बोललो ते हातानं खरं करून दाखवायचं होतं.

तू सलवार घातलीस. मग काढून, खालची कड उलटी करून बघितलीस. दर्ज्याच्या घरची पोर तू, तुला काय सांगायचं असतं? आत काहीच नव्हतं. घडी घातलीस आणि बाहेर गेलीस. दिवाळीपर्यंत ती घोट्याच्या वर आली. नवीन शिवू दिली नाहीस, वर्षभर तीच घातलीस, रोज माझ्या समोरून. पुढच्या वर्षी मावशीकडं कुर्डुवाडीला गेलीस ती गेलीसच.

तुला कळलं होतं हे मला तेव्हापासून माहीत आहे. बावीस वर्षं आपण दोघं एकच गोष्ट दोन घरांत लपवून बसलोय.

मग २०१६ चा सत्कार. तू कुर्डुवाडीतून खेळत पुढं जाऊन खेळावर नोकरी मिळवलेली, गाव लोटलेलं. माझ्या हातात माईक दिला आणि मी म्हणालो, "हिला तर मी लहानपणीच ओळखलं होतं." टाळ्या पडल्या. तू अंगावरची शाल खुर्चीवर ठेवून स्टेजवरून उतरलीस. लोकांना वाटलं, मान चढला पोरीला. बेटा, ते वाक्य खोटं असतं तर एवढं वाईट नव्हतं. ते खरं होतं. ओळखलं होतं म्हणूनच अडवलं.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की धोका होता. पोरीची जात, चौदा वर्षांची, चड्डी घालून पुण्या-मुंबईत खेळणार, लोक काय म्हणतील, पडली-मोडली तर, हरून आली तर. होता की धोका. पण त्यातला अर्धा-अधिक माझा होता. तू गेल्यावर घर कसं वाटेल त्याचा. तू हरून आलीस तर मला बघवणार नाही त्याचा. माझ्या अंगाचं भय मी तुझ्या मापात धरलं.

आता फॉर्म. पेनानं भरला.

नाव: निकिता. दोन्ही गुडघ्यांचं जसं आहे तसं लिहिलंय, डॉक्टरांचा कागद जोडलाय. आई पाच फूट, तेही लिहिलंय. डावा हात नाही, दहातले दोन, घरचे लग्नाचं बोलतात, सगळं लिहिलंय. चेंडू कुठं पडेल ते तिला आधी दिसतं, हेही लिहिलंय, त्याला रकाना नव्हता म्हणून मागच्या बाजूला.

चौदावा रकाना मोकळा ठेवतोय. तो मी एकदा भरलाय. सोबत २००३ ची वही पाठवतो. माझ्या डोळ्याला किती किंमत द्यायची आणि माझ्या जिभेला किती, ते वही बघून तूच ठरव. त्यापायी पोरीचं नाव मागं पडलं तर तो गुन्हाही माझ्याच खाती.

महादेवीला सांगितलंय, कपडे अजून बेतले नाहीत.

अब्बा


परंडा, १३ ऑगस्ट

मिनाज बेटा,

रविवारी तू आलीस, दीड तास थांबलीस, बाटलीतलं पाणी प्यालीस, घराकडं वळली नाहीस. तुझी अम्मी डबा घेऊन मैदानावर आली ते बरं झालं. घरी येऊन मला म्हणाली, "तीन घास खाल्ले. तुमच्यासारखीच कांदा बाजूला काढते." दिवसभर तेवढंच सांगत होती.

तुझं काम बघितलं. दोघींना पळवलंस. निकिताला जमिनीवर बसवून गुडघे दाबून बघितलेस, ती ओरडेपर्यंत. मग महादेवीला तोंडावर सांगितलंस, सहा महिने उडी बंद, फक्त हात शिकवीन. गुडघा नाही बसला तर परत पाठवीन. महादेवी म्हणाली, "आन परत आली तर?" तू म्हणालीस, "तोवरची शाळा तर कुणी काढून घेत नाही, ताई. धोका आहेच. थोडा मी घेते, थोडा तुम्ही घ्या. सगळा तिच्याच पायावर नको." महादेवीनं त्यावर पदरानं तोंड पुसलं आणि बलभीमला फोन लावला. मी चाळीस वर्षं पोरं पारखली, पण धोका असा वाटून घ्यायचा असतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि टेप. तुझ्या खिशातून तिचं टोक दिसत होतं. तरी माझ्याकडं न बघता म्हणालीस, "माप तुम्ही सांगा, मी लिहिते." अब्बा म्हणाली नाहीस, ऐकलं मी. मी निकिताला भिंतीला उभी केली. ह्या खेपेला तिनं बोटं आत ओढली नाहीत. आकडा सांगितला, सदुसष्ट इंच. तू टेपकडं वळूनही बघितलं नाहीस. तसाच लिहिलास.

आता तू गेल्यानंतरचं. अलिजा रिंगखाली बसून होती. म्हणाली, "दादाजी, माझं काय कमी पडलं?"

म्हटलं, "काहीच न्हाय. आज तूच चांगली हाईस."

"मग?"

ह्या 'मग'ला मी खोटं काही शिवून दिलं नाही. तू तिला जिल्ह्याच्या संघाचं सांगून गेलीस, पण एवढ्यानं त्या वयाचं पोट भरत नाही. दुसऱ्या दिवशी मैदानावर आली नाही. काल आली. निकिताला म्हणाली, "ए शिडी, तिथं जाऊन आमच्या परंड्याचं नाक कापशील. डावा हात आण इकडं." तास-दीड तास तिला एकाच हातानं चेंडू आपटायला लावला, उजवा ओढणीनं पाठीमागं बांधून. अक्रम मात्र अजून माझ्या दुकानावरून जात नाही, मशिदीकडून वळसा घेतो. घेऊ दे. चालणं तब्येतीला चांगलं.

वही तू अम्मीच्या डब्यावर ठेवून गेली होतीस. मी हात लावला नव्हता. आज निकिताचं माप त्याच वहीत उतरवायचं म्हणून जुनी पानं चाळली, आणि जून २००३ च्या पानावर थांबलो. माझं अक्षर: 'मिनाज, पासष्ट इंच. दुमड: नाही.' त्याखाली पेन्सिलीनं तुझं. डिसेंबर २००३, साडेसहासष्ट. जून २००४, अडुसष्ट. मार्च २००६, पावणेसत्तर. आणि माझ्या 'नाही'वर एक बारीक रेघ मारून शेजारी: 'सहा बोटं.'

म्हणजे तू मोजत होतीस. मावशीच्या घरी कोणत्या भिंतीला उभी राहत होतीस, डोक्यावर पट्टी कोण धरत होतं, मला माहीत नाही. आकडे इतकी वर्षं कुठं जपलेस तेही नाही. विचारणार नाही. मी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं, पुन्हा पुसला.

निकिता सतराला निघते. कपडे आज पुरे झाले. सलवारीला आत सहा बोटं दुमड सोडलीय आणि कच्च्या दोऱ्यानं टाचलीय, उसवायला सोपी पडावी म्हणून. ती स्वतः उसवायला गेली तर कापड फाडेल. तू उसव. ब्लेड आडवं धरायचं, टाका वर ओढायचा, तुला सातव्या वर्षी शिकवलंय.

पहिल्यांदा उसवशील तेव्हा तारीख आणि आकडा कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल. वहीत तिच्या नावापुढं जागा मोकळी ठेवलीय.

तुझा,
शब्बीर दर्जी,
अब्बा